पहिल्या चार धारा

गाव मला केजाजी म्हणून कमी,
हात म्हणून जास्त ओळखायचं.
"हात पाठवा जी," घोडमाऱ्यांकडून निरोप यायचा,
आणि लाथाडी गायसुद्धा
माझं बोट लागताच पान्हा सोडायची,
मागचे पाय जरा फाकवून, रवंथ चालू ठेवून.
पाच गोठे. दोन वेळा. एकच बादली,
एकच फडकं खांद्यावर.

पहिली काळबांड्यांची म्हैस, जांभळी.
एका रात्रीत कास दगड झाली.
हात लावू देईना, पारडाला पिऊ देईना.
चौथ्या सडातून आलं ते दूध नव्हतं,
ताकात तांदळाच्या कण्या कालवाव्यात तसं काही,
मग पिवळं,
मग रक्ताची एक तार.
आठवड्यानं घोडमाऱ्यांची कवडी.
मग नेहाऱ्यांची पहिलारू,
जिचं अजून नावही ठेवलं नव्हतं.

"नजर हाये," सगळे म्हणाले. मीही म्हणालो.
गोठ्याच्या दाराला बिबे बांधले,
कासेला गेरू फासला,
आणि मथुराबाईला, जी रोज सकाळी
ग्लासभर दुधासाठी दावणीपाशी येऊन उभी राहायची,
मीच सांगितलं,
"बाई, उद्यापासून कुंपणाच्या बाहेर थांबत जाय."
ती काही बोलली नाही.
ग्लास पदराखाली घेऊन गेली.

डॉक्टर शेगोकार बाई कारंज्याहून स्कूटीवर आल्या.
जांभळीच्या आधी त्यांनी मला पाहिलं.
"धार काढून दाखवा."
दाखवली, बापानं शिकवली तशी:
अंगठा मुडपून, पेराच्या हाडानं सड दाबत, झरझर.
त्यांनी चार कप्प्यांच्या ताटलीत
चारही सडांचं थोडं थोडं दूध घेतलं,
कपडे धुवायच्या पावडरीचं पाणी ओतून गोल फिरवलं.
तीन कप्प्यांत पातळ ते पातळच राहिलं.
चौथ्यात शेंबडासारखं घट्ट झालं.

"हे जंतू आहेत, काका.
मुडपलेल्या अंगठ्यानं सड आतून सोललं जातं,
तिथं ते घर करतात.
एका गोठ्यातून दुसऱ्यात
ते चालत जात नाहीत. त्यांना पाय नसतात."
एवढं बोलून त्या थांबल्या.
माझ्या हाताकडे बघायचं त्यांनी टाळलं.
मी बघितलं.

पाच दिवस सडात औषधाच्या नळ्या.
जांभळीची तीन सडं राहिली, चौथं कायमचं मुकं झालं.
आता लाल पाण्याची घमेली आहे,
प्रत्येकीचं वेगळं फडकं आहे, दुखरीचा नंबर शेवटी.
धार झाली की पुढ्यात ढेप आणि कुटार,
कारण अर्धा तास सडाचं तोंड उघडं असतं
आणि तेवढा वेळ तिनं शेणात बसू नये.
अठ्ठावन्नाव्या वर्षी मी
अख्ख्या मुठीनं धार काढायला शिकतोय.
कवडी मान वळवून बघते, हा कोण नवा?
पहिल्या चार धारा काळ्या फडक्यावर सोडतो,
चार सडांच्या चार,
आणि वाकून कण्या शोधतो.

मथुराबाईकडे गेलो एका संध्याकाळी.
"तुह्या नजरेनं नाई झालं, बाई. माह्या हातानं झालं."
ती शेंगा सोलत होती. "मले मालूम होतं."
"मंग बोलली काऊन नाई?"
"गावाच्या हाताले कोन काय म्हनन, केजाजी?"

ती अजूनही कुंपणाच्या आत येत नाही.
बोलावलं, दोनदा बोलावलं.
म्हणून रोज सकाळी ग्लास मीच बाहेर नेतो.
ती तो पदरानं पुसून घेते,
कारण हात माझे
तेव्हा ओलेच असतात.