पान दोनशे बारा

जानेवारीत मी जाहीर केलं, वर्षाला पन्नास.
घाडीगावकर म्हणाले, "बाई, पुस्तकं आहेत ती, हप्ते नव्हेत."
पण माझी नोकरीच मोजण्याची:
एस वॉर्ड, जन्म-मृत्यू नोंदणी, खिडकी क्रमांक चार.
वहीसुद्धा तशीच आखली.
अनुक्रमांक, नाव, सुरू, संपले,
आणि उजवीकडे एक रुंद रकाना, शेरा.

महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी
कन्नमवार नगरातली लोहोट्यांची गिरण बंद असते.
पट्टा उतरवलेला, दगड गार,
आम्ही पाचजण पालथ्या डब्यांवर.
बोलता बोलता कोपरं पांढरी होतात.
या वर्षीच्या माझ्या प्रत्येक पुस्तकात
कुठे ना कुठे ज्वारीचं बोट उमटलंय.

मार्चपर्यंत तेरा.
खरं सांगते, त्यातली चार इतकी बारीक
की पाठीवर नावही मावलं नव्हतं.
ग्रेसी तुस्कानोनं एकेक नुसतं तळव्यावर तोललं
आणि माझ्याकडे पाहिलं.
प्रसूतिगृहात तीस वर्षं काढलेली बाई.

सदतिसावं मात्र भरल्या अंगाचं.
वाचनालयाचं, खाकी कव्हर, शिवण ढिली.
मिठागरावरच्या मुकादमाची बायको
तीन वर्षं घरात कुणाशी बोलत नाही,
आणि एका पहाटे पेटी भरते, कंदील मालवते.
पान दोनशे बारा, शेवटची ओळ:
आणि दार उघडून तिनं

पुढे काही नाही.
पुढे डिंकाची पिवळी रेघ
आणि सात-आठ पानांची फाटकी मुळं.

"संपले"वर पेन टेकवलं, उचललं.
रविवारी गिरणीत विचारलं, हे धरायचं की नाही?

ते राहिलं बाजूला.
लोहोटे म्हणाले, दार उघडून तिनं परत लावून घेतलं.
पेटी भरणं वेगळं, उचलणं वेगळं.
हे ते आम्हाला नाही, दगडाला सांगत होते.
ग्रेसीनं तिला सरळ खाडीत नेलं,
आवाज न करता, चादर बदलावी तसं.
अर्शद मुकादम एकोणीस वर्षांचा;
त्यानं तिला ठाण्याला आणलं, शिवणकामाला लावलं,
दुकान काढून दिलं, दुकानावर पाटीही.
"एवढं सात पानांत?"
"लेखक घाईत असेल."
घाडीगावकर म्हणाले, "सुटे पैसे होते का तिच्याकडे, ते आधी सांगा."
आम्ही हसलो. ते हसले नाहीत.
एकतीस वर्षं तिकिटं फाडली त्यांनी.
पहाटेच्या पहिल्या बसला पेटी घेतलेली बाई चढली
आणि कुठे जायचं विचारलं, की म्हणायची, शेवटचा स्टॉप.
"सगळ्याच. शेवटचा."

माझी पाळी आली.
मी म्हटलं, चहा सांगूया.

ऑक्टोबरात अर्शदला माटुंग्याच्या फुटपाथवर
तेच पुस्तक मिळालं, अख्खं, चाळीस रुपयांत.
शेवटच्या पानांना रबरबँड लावून आणलं.
मी नाही वाचलं, म्हणाला,
आणि कानाच्या पाळ्या लाल.
ते माझ्या फडताळात आहे, डाळीच्या डब्यामागे.
दुपारी एकटी असताना दोनदा काढलं.
रबर ताणून बघितलं. सोडलं.

आज एकतीस डिसेंबर. वहीत एकोणपन्नास,
सदतीसची ओळ अर्धी.
खिडकीवर कुणी विशीतली बाई आली होती, कडेवर दुपट्यातलं मूल.
मुलीचं नाव अजून ठरत नाही म्हणाली,
सासू एक सांगते, हे एक सांगतात,
नाव नसेल तर नोंद होत नाही का?

होते, म्हटलं. रकाना कोरा ठेवता येतो.
पंधरा वर्षं मुदत असते.
"पंधरा!" ती हसली, आणि मुलगी दचकून रडू लागली.

शिक्का मारताना माझ्या मनात
उगाच एक दार उघडं राहिलं होतं,
बाहेर मिठाचे ढीग, पहाट, आणि कुणाचीच घाई नाही.