दीड मिलीमीटर

ठाकुरद्वारच्या आमच्या चष्म्याच्या दुकानात
आरसा तीन पानांचा आहे.
गिऱ्हाईक समोर बसून स्वतःला बघतं.
मी शेजारी उभी असते, म्हणून मला मी दिसते
कडेने.
अकरा वर्षं दिसले. रोज, सव्वादहा ते आठ.
नाकाच्या मध्यावर उंचवटा होता,
कपाळावरून निवांत उतरणारी नजर
तिथे येऊन आदळायची.

मग एफडी मोडली.
दादरच्या डॉक्टरांनी तो घासून काढला.
म्हणाले, फार नाही, दीड मिलीमीटर.
दीड मिलीमीटर म्हणजे किती
ते मला कुणी सांगू नये.
मी दिवसभर तेवढ्यातच राहते.
पक्कड, बारका स्क्रू, सिलिकॉनचं पॅड,
डावं जरा आत घेते, उजवं जरा बाहेर,
वाका बघू खाली. पडतोय का? नाही ना?

माझा पडतो.
ज्याच्यावर टेकायचा तेच राहिलं नाही.
आणि टोक असं उचललं गेलंय
की मी कायमचं नाक मुरडलेलं.
निमिषच्या साखरपुड्यात आत्या म्हणाली,
काय गं, जेवण आवडलं नाही वाटतं?
तेव्हा माझ्या हातात
बासुंदीची तिसरी वाटी होती.

वर्षभर थांबा, म्हणाले होते, सूज उतरेल.
सूज उतरली. खाली हेच होतं.
रात्री उजवी नाकपुडी शीळ घालते,
यतीन झोपेत माझी कूस बदलून देतो.
मला तर काही फरकच दिसत नाही, म्हणतो.
उंचवट्याबद्दलही हेच म्हणाला होता.
त्याचा नंबर मीच काढलाय.
जवळचं त्याला जरा पुसट दिसतं.

आता पेडर रोडचे डॉक्टर. अकरावा मजला.
त्यांनी माझा फोटो पडद्यावर घेतला
आणि माऊसने नाक ओढलं, थोडं दाबलं,
थोडं भरलं, पुरणपोळीची कड सारखी करावी तसं.
पडद्यावरच्या बाईने मला ओळख दिली नाही,
पण तिचा चष्मा बसला असता.
या वेळी भर घालावी लागेल, म्हणाले,
कानातली कूर्चा पुरणार नाही, बरगडीतून घेऊ.
मी उगाच छातीवर हात ठेवला.
माणूस प्रामाणिक आहे. सांगितलं,
पहिल्यांदा कातडीवर काम असतं,
दुसऱ्यांदा व्रणावर. खात्री कमी.
काही जणी तिसऱ्यांदाही येतात.
आणि चौथ्यांदा? मी विचारलं.
त्यांनी पेनाला टोपण लावलं.

साडेचार लाख.
शुक्रवारपर्यंत पंचवीस हजार भरले
तर मार्चमधली तारीख.
आई फोनवर खूप वेळ गप्प होती,
मग नुसतं म्हणाली, मोती जड होतोय गं.

आज दुपारी खुर्शीदबाई आल्या.
त्यांचं नाक आधी उंबरा ओलांडतं,
मग काठी, मग त्या.
पॅड नको लावू पोरी, मला लागत नाय.
नवी फ्रेम चढवली, मान झटकली,
काठी पडली, उचलायला दोघी वाकलो.
त्यांचा चष्मा जागचा हलला नाही.
माझा फरशीवर.
आपल्याला विकत का नाय देत कोणी चांगला चष्मा,
त्या म्हणाल्या आणि इतक्या हसल्या
की मलाही हसावं लागलं.
हसताना ते टोक आणखी वर जातं. मला माहीत आहे.

बंद करायच्या वेळी खण उघडून
लहान मुलांना लावतो ती जाड, मऊ पॅड काढली,
माझ्याच फ्रेमला बसवली.
मोजलं नाही. मोजायची गरज नव्हती.
खाली वाकून पाहिलं. दोनदा.
मग आरशाची डावी बाजू मिटली.
उजवीची बिजागरी गंजलीय, ती मिटत नाही.
तिच्यात कान, केसांचा पट्टा,
आणि ते.

आज बुधवार.