होडीच्या शेडमध्ये

रात्री नऊला मी व्हारदोमधल्या शेडचं कुलूप काढते
तेव्हा हितोयोशीला पहाटेचे पाच वाजलेले असतात
आणि कुवाबारा सेन्सेई आधीच येऊन बसलेल्या,
गुडघे मोडून, पाठ ताठ,
वय एक्याऐंशी.
लॅपटॉप मी रंगाच्या डब्यावर ठेवते.
वडिलांची होडी भिंतीला लावलीय, पालथी;
तिच्या पोटातला डिझेलचा वास
अजून बाहेर पडायला तयार नाही.

छत बुटकं. तुळईवर तीन खाचा,
माझ्या लाकडी तलवारीच्या, पहिल्या हिवाळ्यातल्या.
तिसऱ्या खाचेला सेन्सेई म्हणाल्या,
"छत काही वाढायचं नाही, सोल्फ्रिद. तूच खाली बस."
(म्हणाल्या जपानीत. तिबिलिसीचा नुगझार
अर्ध्यारात्री जागून आम्हाला अर्थ सांगतो,
त्यामुळे त्यांचं रागावणं
नेहमी थोडं निवून पोचतं.)

कापणं मला शिकवायला नकोच होतं.
अठ्ठावीस वर्षं कॉड चिरतेय,
कारखान्यात, सरकत्या पट्ट्यापाशी, रबरी बुटांत.
हात माझा सुरीच्याही पुढे पळतो.
सेन्सेईंनी पहिल्याच दिवशी त्याला हेरलं:
"या हाताला घरी जायची घाई आहे."

त्यांचं टोफूचं दुकान होतं, चाळीस वर्षं.
एका पहाटे तलवार आणलीच नाही.
तळहातावर पांढरी ओली वडी ठेवली,
सुरी खाली गेली, वर आली,
पुन्हा खाली,
आणि वडीचे आठ तुकडे झाले तरी वडी वडीसारखीच उभी.
मग रिकामा तळहात कॅमेऱ्यासमोर धरला.
रेषा होत्या, सगळ्या जन्मापासूनच्या.
"चालवणारे पुष्कळ भेटतील," म्हणाल्या,
"मला थांबवून दाखवा."

आमच्याकडे टोफू कुठला. मी माशाचं पुडिंग आणलं.
पुंता अरेनासच्या ओफेलियाने उकडलेला बटाटा घेतला.
दोनदा रक्त निघालं, दोन्ही वेळा माझंच.
तिसऱ्यांदा पातं कातडीला टेकलं
आणि तिथे, गार, बसून राहिलं,
ओळखीच्या घरी पाहुण्यानं बसावं तसं.

जानेवारीतल्या वादळाच्या रात्रीची गोष्ट.
सेन्सेईंनी मुठीवर हात ठेवला.
आम्हीही ठेवला.
त्यांनी तलवार उपसली नाही.
आम्हीही नाही.
पत्रा वाजत होता, पायांना मुंग्या आल्या होत्या,
आणि त्या इतक्या निश्चल
की मी त्यांच्या खांद्याकडे पाहू लागले,
श्वासाने तो उचलतो का.
उचलत नव्हता.
नुगझार गप्प. ओफेलियाच्या खिडकीत ऊन तसंच.
एक विचार म्यानातून दोन बोटं बाहेर आला;
मी अंगठ्याने दाबून धरला.

अकरा मिनिटांनी चित्र हललं.
चटईवर कोणीच नव्हतं.
मग कडेने त्या आल्या, हातात चहा,
नातवाला फोन करकरून
बंद पडलेलं यंत्र एकदाचं चालू केलेलं.
आम्हाला पाहून जागीच उभ्या राहिल्या.
"तुम्ही अजून तिथेच?"

खूप वेळ हसल्या. नुगझारला त्याचं भाषांतर करावं लागलं नाही.
मग कप खाली ठेवून
आमच्या आधी वाकल्या,
कपाळ चटईला टेकेपर्यंत.
हे नियमात बसत नाही. शिष्यानं आधी वाकायचं असतं.
काय करावं ते आम्हा कोणालाच सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर
सुरी कॉडच्या गळ्याशी आली आणि थांबली.
माशाचा डोळा, माझा हातमोजा, मध्ये पातं.
पट्टा सरकत होता, मासे माझ्यापुढून
न चिरता जात होते, एक, दोन, पाच.
मुकादम तूरलाइफ ओरडला, "काय झालं गं?"
"काही नाही," मी म्हटलं.
"रेंज गेली होती."