एक घंटी

नदीवर सगळं मोजूनमापून असतं.
हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली, दोन बोटं जातील एवढाच.
जॅकेटची तीन बकलं लावली की
रेवणदादा एकेकाला खांद्यापाशी धरून वर ओढतो,
माणूस जॅकेटात राहतो का खाली घसरतो ते बघतो.
पाण्यात पडलात तर पाय पुढं, अंगठे वर.
उभं राहायला जाऊ नका,
दगडात पाय अडकला तर कोयना सोडत नाही.
हे मला पाठ आहे.
रोज टपावरून ऐकतो.

माझी जागा टपावर.
खाली नऊ जणांच्या जीपमध्ये चौदा,
मागच्या पायरीवर लोंबकळत तिघं,
वर निम्मी हवा काढलेला राफ्ट, वल्ह्यांची मोळी,
एक दोर आणि मी.
दोर राफ्टला बांधलेला असतो.

माझ्याआधी इथं विनायक बसायचा.
आता तो पाटणला झेरॉक्सच्या दुकानात आहे,
डाव्या हातानं कागद सरकवतो.
चार हंगाम नदीनं त्याला ओरखडासुद्धा काढला नव्हता.

साडेनऊला धरणातून पाणी सोडतात.
फोन येतो, "निघालं."
मग हणमंत चाळके तंबाखू थुंकून स्टार्टर मारतो.
रात्री चिपळूणचं भाडं टाकून
तीन वाजता कुंभार्ली चढून आलेला,
डोळे गुळाच्या चहासारखे.
मागचं डावं टायर इतकं गुळगुळीत
की ज्योतिषालाही एक रेघ सापडायची नाही.

त्या रविवारी विट्याचा भिशीगट आला.
त्यात रत्नप्रभाबाई, एसटीत बावीस वर्षं कंडक्टर.
सगळ्याजणी नदीबरोबर फोटो काढत होत्या,
ही जीपभोवती फिरली.
टायर चपलेनं दाबलं,
बोट नाचवत डोकी मोजली, मग टपाकडं बघून
आणखी एक मोजलं.
"ब्रेकचं तेल कधी बघितलं?"
हणमंत हसला. "बाई, भ्यायचं तर नदीला भ्यायचं."
"नदीला रेवण हाय. रस्त्याला कोण हाय?"
भाची ओशाळली. "आत्या, बस ना गं."
फोन वाजला. निघालं.
ती बसली.

उतारावर, आंब्याच्या वळणाआधी
खालून पत्र्यावर बांगडी आपटली.
ठण्.
एकच.

हणमंत पाच वर्षं पाटण आगारात रोजंदारीवर होता.
डोक्याला कळायच्या आत पायाला कळलं.
पहिल्या दाबाला पाय तळापर्यंत गेला,
दुसऱ्या दाबाला कुठंतरी काहीतरी सापडलं.
जीप डोंगराच्या अंगाला घासत
आडवी उभी राहिली.
माझ्या हातात दोर होता
आणि दोराला अजून मी होतो.

कुणी काही बोललं नाही.
मग खालून आवाज आला.
आमचं पाणी,
आमच्यासाठी सोडलेलं, पैसे भरलेलं,
पांढरं, फेसाळ, रिकामं
आमच्या डोळ्यांदेखत निघून गेलं.
दोघीतिघी हळहळल्या.
रत्नप्रभाबाईंनी वर बघितलं.
"ए पोरा, तू कुठल्या तिकिटावर? खाली ये."
आणि स्वतःचं हेल्मेट माझ्या डोक्यावर घालून
हनुवटीखाली दोन बोटं घालून बघितली.
तिच्या बोटांना नाण्यांचा वास होता,
का मला तसं वाटलं.

परतताना तीन खेपा झाल्या.
दरवेळी माणसं मोजून ती दोनदा वाजवायची,
ठण् ठण्,
आणि हणमंत, जो रेवणदादाचंही ऐकत नाही,
पहिल्या गिअरमध्ये गुमान उतरायचा.

ते टायर दिवाळीपर्यंत तेच होतं.
पायरीवर आता दोघंच लोंबकळतात.
मी पुन्हा वर असतो.
रेवणदादा खाली सांगत असतो, पाय पुढं, अंगठे वर,
आणि मी राफ्टखाली हात घालून
पत्रा चाचपत राहतो,
नेमकं कुठं वाजवलं
तर खाली ऐकू जाईल.