खालून धू

विनिपेगहून निनादचा फोन येतो तेव्हा तिथे रात्र असते
आणि इथे वेसाव्यात सकाळचे नऊ,
बाबा टेम्पोच्या पोटाखाली
गोणपाट अंथरून उताणे.
मी फोन स्पीकरवर टाकून टायरला टेकवून ठेवते.

‘बाबा, गाडीला गंज धरलाय. तिसरंच वर्ष.
इथे थंडीभर रस्त्यावर मीठ टाकतात.’

पाना थांबतो.
‘काय टाकतात?’
‘मीठ. बर्फ वितळायला. ट्रक भरभरून.’
बाबा खालूनच हसतात,
हसताना चेसिसचा पापुद्रा तोंडात पडतो,
थुंकतात, पुन्हा हसतात.
‘पैसे देऊन?’

आमच्याकडे ते फुकट येतं.
वाऱ्यावर येतं, खिडकीच्या गजांवर बसतं,
कोलंबीच्या क्रेटांतून ठिबकत
हौद्याच्या सांध्यात जाऊन मुरतं.
ज्या मिठानं सुरमई वर्षभर टिकते
त्याच मिठानं दरवाजा दोन पावसाळे काढत नाही.

पहिल्या मॅटाडोरमध्ये
आईच्या पायाखालून रस्ता दिसायचा.
ती त्यावर जेवणाचा पाट ठेवून बसायची
आणि तरीही एकदा तिची डावी चप्पल
अंधेरीच्या सिग्नलला राहिली.
उजवी तिनं बाजारभर घातली.
गिऱ्हाईक पाय बघतंय की पापलेट,
तिला काही पडलेलं नव्हतं.

‘ऐक,’ बाबा म्हणतात, ‘वरून चकचकीत करशील तर फुकट.
खालून धू. गोड्या पाण्यानं.
दरवाजाच्या तळाला बारीक भोकं असतात बघ,
ती काडी घालून मोकळी ठेव,
पाणी आत शिरणारच, त्याला बाहेर पडायला वाट पाहिजे.
मग वाळव. पुरती वाळव.
घाईनं वर डांबर फासलंस आणि आत मीठ राहिलं
तर तूच त्याला घर बांधून दिलंस.’

(हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही.
दुसऱ्या टेम्पोला त्यांनी नवीकोरी ताडपत्री
गळ्यापर्यंत आवळून बांधली होती, चार महिने.
सोडली तेव्हा मडगार्ड हातात आलं,
भिजलेल्या खारीसारखं.
त्या दिवशी ते जेवले नव्हते.)

‘बाबा, इथे धुता येत नाही.’
‘का? पाणी नाय?’
‘गोठतं. उणे पंचवीस आहे.
नळीतून निघतं आणि दारावरच गोठतं.
मग दार उघडत नाही.’

खालून काही आवाज येत नाही.
ठाणे-बेलापूरपर्यंतच्या गॅरेजवाल्यांना
ज्यांनी रेड ऑक्साईडचे किती हात द्यायचे ते सांगितलं
तो माणूस गप्प.
शेजारी जयवंतीकाकू वलांडीवर बोंबील टांगत असते,
तीही थांबते.

मग बाबा सरपटत बाहेर येतात.
कोपरावर काळं तेल, केसांत गंजाची पूड,
मेंदी लावल्यासारखी.
‘गोठल्यावर मग,’ ते विचारतात, ‘मीठ खातं का पत्र्याला?
की तेपण झोपतं?’
निनादला माहीत नाही.
‘कुणालातरी विचार,’ बाबा म्हणतात,
‘तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याला.
प्रत्येक गावात एक असतो पत्र्यातला.
त्याच्याकडे जा. माझं ऐकू नकोस.’

असं ते याआधी कधी म्हणाले नव्हते.

निनाद फोटो पाठवतो.
पांढरी गाडी, वर आणखी पांढरं,
चाकाच्या कमानीला तांबूस फोड,
मागे दिव्याखाली कोणीच नसलेला रस्ता.
बाबा फोटो मोठा करायला जातात,
बोटांना तेल, त्यामुळे सरकत नाही.
पुन्हा करतात. पुन्हा.
‘इथं,’ म्हणतात, ‘इथून सुरू झालंय.’
आणि अंगठा तिथेच दाबून धरतात.

नंतर मी स्क्रीन फडक्यानं पुसते.
बरंचसं निघतं.
बाबा परत खाली गेलेत,
ब्रश मागतायत,
मोठा नको, तो तुटक्या दांड्याचा.