एकशे बारा

ओहोटीला मी फळी ठोकायला येतो
आणि रोसाल्बा नाउएलकिन बादली घेऊन येते.
चिलोएच्या या खाडीत अकरा वर्षं
आमची वेळ चुकलेली नाही.

फळीवर लिहिलेलं असतं :
तांबडं पाणी. शिंपले वेचू नयेत, खाऊ नयेत.
खाली तारीख, माझी सही,
आणि प्रयोगशाळेतून आलेला आकडा.
ऐंशीच्या वर धोका. आज एकशे बारा.

ती आकडा मोठ्यानं वाचते,
लॉटरीचं तिकीट वाचावं तसा,
आणि फळीच्याच खांबाला बादली टेकवून
वाकते.

"तुझा कागद किती वेळा आजारी पडला रे, एलादियो?
मी एकदाही नाही."

तिच्याकडे चांदीचा चमचा आहे, आईचा;
उकळत्या हंडीत बुडवून बघते, काळा पडतो का.
मांजर आहे, पहिला घास त्याचा.
मी सांगतो, चांदीला हे विष कळत नाही,
उकळून जात नाही, लिंबानं मरत नाही,
पाणी निळंशार असतानाही येतं.
ती मान डोलावते, पाद्र्यापुढे डोलवावी तशी.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो;
हिचं दूध पासष्ट वर्षं कोमटच निघालं.
आणि मी? मी दूध चाखलेलंच नाही,
नुसतं पोळलेल्या तोंडाचं वर्णन पाठ केलंय :
आधी ओठांना मुंग्या, मग बोटांना,
मग जीभ जड, मग छाती श्वास विसरते.
इतकं पाठ, की खाऱ्या वाऱ्यानं
ओठ चुरचुरले तरी मी घड्याळ बघतो.

"तू किती मेलेले पाहिलेस?"
एकही नाही.
"मग घाबरतोस कुणाला?"
ज्यांना अनुभव आला, रोसाल्बा,
ते या चुलीपाशी सांगायला आलेले नाहीत.
इथे बसतात ते सगळे जेवून उठलेले.

ती हसली. ताटली पुढे सरकवली.
मी फक्त बटाटा उचलला.

त्या रात्री मी निघालोच नाही.
होडीचं निमित्त सांगितलं, वाऱ्याचं सांगितलं,
आणि चुलीच्या उजेडात तिच्या ओठांकडे बघत बसलो.
ती बोलत होती : मुलगा पुंता अरेनासला,
छपराच्या फळ्या कुजल्यात, यंदा बटाट्याला कीड.
एकेक वाक्य पुरं झालं की मी श्वास सोडायचो.
बाराच्या सुमारास ती गप्प झाली.
मी उठलो. वाकलो.
घोरत होती.

पहाटे तिनं लाकडं आत आणली,
मांजराला पायानं बाजूला सारलं,
आणि तिच्या पुराव्यात आणखी एक दिवस जमा झाला.

माझ्याकडे तोच आकडा.
खोटा नव्हता तो. काल रात्री फक्त
या घरी आला नाही.

परतताना फळी वाऱ्यानं कलली होती.
सरळ केली, खिळा धरला,
आणि हातोडी उचलली तेव्हा जाणवलं :
कालच्यापेक्षा हात हलका पडतोय.