रकाना सातवा

सोहार बंदराच्या मागे, पत्र्याच्या ऑफिसात
एसी खोकत होता, मी अपघाताचा फॉर्म भरत होतो.
रकाना सातवा: काय घडलं, थोडक्यात, इंग्रजीत.

आठवीत विचारे मास्तर सांगायचे,
लांबत चाललेल्या कामाला वॉज आणि आयएनजी,
मधेच येऊन ते तोडणाऱ्याला साधा भूतकाळ.
उदाहरणार्थ, मी वाचत होतो तेव्हा वीज गेली.
आबलोलीत हे वाक्य रोज संध्याकाळी
सातच्या सुमाराला खरं व्हायचं.
म्हणून पक्कं बसलं.

मी लिहिलं:
परकार वॉज टायिंग द पाइप व्हेन द बेल्ट ब्रोक.
वेळ, बारा पन्नास.

नबीलसाहेबांनी पेनाचं टोक ‘वॉज’वर ठेवलं.
या महिन्यात साडेबारानंतर उन्हात काम बंद, माहितीये ना?
टायिंग म्हणजे काम चालू होतं.
कोणी चालू ठेवलं, विचारतील.
टाइड लिही. वर गेला, बांधला, पडला. संपलं.

व्याकरणात त्यांची चूक नव्हती.
मास्तरांनी दोन्ही वाक्यांना बरोबरची खूण केली असती.
आपल्याकडे तर हे आणखी उघडं आहे:
तो बांधत होता,
पण त्याने बांधला.
काम उरकलं की माणसाला ‘ने’ चिकटतो,
रोखलेल्या बोटासारखा.

संध्याकाळी हॉस्पिटलात गेलो.
दिलावर डाव्या हाताने दही खात होता,
पाय छताला टांगलेला, प्लास्टरवर कोणीतरी
फुटबॉल काढून ठेवलेला.
फॉर्मचं त्याने विचारलंच नाही.
म्हणाला, दाभोळला फोन लाव, माझ्याच्याने बोलवत नाही.
अम्मीला ‘पडला’ नको सांगूस.
पडत होता म्हण.
पडत होता, तेवढ्यात कोणीतरी धरला.

मी तसंच सांगितलं.
पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हातारीने विचारलं, धरणाऱ्याचं नाव काय?
मला नाव सुचेना.
माझंच सांगितलं.

सकाळी फॉर्म टेबलावर तसाच होता,
‘वॉज’वर साहेबांच्या पेनाचा निळा ठिपका.
खाली त्यांची गाडी थांबली, दार वाजलं,
जिन्यावर बूट आले.
त्यांनी आत पाऊल टाकलं तेव्हा
मी तोच शब्द
गिरवत होतो.